झाकणराव आणि झिणझिणी

बाबांना वाद घालायला समोर कोणीतरी लागायचं आणि ते कोणीतरी म्हणजे आई होती. ती गेली आणि घराचा आवाजच बसला. चौतीस वर्षं थंड पेयांच्या बाटल्यांचा ट्रक गावोगाव हाकलेला हा माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत दाढी वाढवून बसायला लागला. ताटातलं अर्धं ताटातच राहायचं. त्यांची मुलगी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. मशीन फिरत असताना तिच्या डोक्यात एकच घोळत असायचं, आईपाठोपाठ हेही निघाले तर?

शेवटी तिनं त्यांना फोन घेऊन दिला आणि थंड पेयांच्या शौकिनांच्या एका गटात घातलं. असले गटही असतात, माणसांना कशाचाही उत्साह असतो. महिनाभर बाबांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग 'शहाणा एक' नावाच्या कुणीतरी लिहिलं की या पेयाला सगळीकडे कोल्ड्रिंकच म्हणतात. झालं! बाबा ताठ बसले आणि एका बोटानं टाइप करत सुटले.

"साफ चूक. नदीच्या अलीकडे सोडा, पलीकडे थंडा. गिरणीच्या गावात बाटली आणि बंदरावर नुसतं गार. मी स्वतः क्रेट उतरवलेत."

"पुरावा?" शहाण्यानं विचारलं.

तीन आठवडे जुंपली. बाबांनी दाढी केली. भांडायला ताकद लागते म्हणून भात दुसऱ्यांदा मागून घेतला. मुलीनं मनातल्या मनात त्या शहाण्याला लाख आशीर्वाद दिले. पण एक दिवस तो पठ्ठ्या कंटाळून गट सोडून गेला आणि बाबा पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

चौथ्या दिवशी गटात 'उडतं झाकण' अवतरलं.

"बंदरावर गार म्हणतात ही शुद्ध थाप आहे. माझा मामा तिथेच होता," झाकणानं लिहिलं. मामा बिचारा शिंपी होता, बंदर त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

"झाकणराव, तुमच्या मामाला विचारा, बोटीवर चढायची शिडी कुठल्या बाजूला असते," बाबांचं उत्तर मिनिटात आलं.

मुलगी दुपारच्या सुट्टीत दुकानाच्या मागच्या खोलीत डबा खाता खाता झाकण बनून हे उद्योग करायची. बाबांना चिडवायचं, पण लागेल असं बोलायचं नाही, ही कसरत होती. कधी बाबा फार पेटले की झाकण लिहायचं, "आधी जेवून घ्या, मग बघतो तुमच्याकडे." संध्याकाळी घरी आल्यावर बाबा तिलाच सगळं रंगवून सांगत. "आज झाकणाला असा बसवला खाली!" आणि त्या नादात उतारावर फुटलेले क्रेट, ट्रकखाली काढलेली पावसाळी दुपार, असलं काय काय निघे. तिनं हे कधीच ऐकलेलं नव्हतं. तिला बाबा नव्यानं भेटत होते आणि आपण त्यांना फसवतोय हेही रोज टोचत होतं.

असे दोन महिने गेले. एका दुपारी बाबांनी तिला अगदी कोंडीत पकडलं, तेव्हा तिनं घाईघाईत ठोकून दिलं, "आमच्याकडे याला झिणझिणी म्हणतात. आहे उत्तर?" हात धुतले आणि ती कामाला लागली.

भिंगाच्या मध्यावर पेनानं खूण करताना तिला एकदम आठवलं. झिणझिणी हा शब्द आईचा होता. पहिला घोट नेहमी आईच्या नाकात जायचा, डोळ्यांत पाणी यायचं आणि ती टॉवेलनं डोळे पुसत, हसत म्हणायची, "आली बाई झिणझिणी!" अख्ख्या जगात हा शब्द एकाच घरात चालायचा.

तिनं फोन काढला. बाबांनी वाचलं होतं. पाच मिनिटंही दम न धरणारा माणूस संध्याकाळपर्यंत गप्प होता. पोरीनं कीव केली, आपल्याला खेळवलं, असं त्यांना वाटलं तर? मग त्या खुर्चीतून त्यांना कोण उठवणार? भिंग चुकलं. मालकाची बोलणी खाऊन ती घरी निघाली.

दार बाबांनीच उघडलं. टेबलावर थंड पेयाची बाटली होती, शेजारी दोन ग्लास.

"बस," ते म्हणाले. "त्या झाकणाला उत्तर द्यायचं राहिलंय."

चष्मा नाकावर चढवून ते एका बोटानं टाइप करू लागले. बराच वेळ लागला. मग तिच्या पर्समध्ये टुणकन आवाज झाला. दोघांनी पर्सकडे पाहिलं.

"बघ, तुझंच असेल काहीतरी," बाबा म्हणाले.

तिनं फोन काढून वाचलं. "झाकणराव, हरलो. झिणझिणीच बरोबर. हे नाव ठेवणारी आता नाही. म्हणणारे आपण दोघंच उरलोय."

"बाबा, तुला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"पहिल्याच आठवड्यात. भांडता भांडता 'जेवून घ्या' म्हणणारा शत्रू मी उभ्या जन्मात पाहिला नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस." त्यांनी ग्लास भरले आणि एक तिच्यापुढे सरकवला. तिनं मोठा घोट घेतला आणि डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं.

"नाकात गेली?" बाबांनी विचारलं.

"हो."

"जाणारच," ते म्हणाले आणि आईचा टॉवेल तिच्या हातात देऊन स्वतःही तोंड फिरवून घोट घेऊ लागले.