रोजची टोचणी

तिची तीन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्यानंतर डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तेव्हा कुठे कारण हाती लागलं. तिच्या रक्ताच्या गुठळ्या होत आणि बाळाकडे रक्त जायची वाट बुजत असे. पुन्हा दिवस राहिले की रोज पोटावर रक्त पातळ करणारं इंजेक्शन घ्यायचं ठरलं.

सासूबाईंना हे पटलं नाही. "लोकांना गाडी शिकवता शिकवता आधीच तिच्या रक्ताचं पाणी झालंय," त्या म्हणाल्या. "आणखी किती पातळ करणार?"

नवशिक्यांनी गाडी ट्रकच्या अंगावर नेली तरी सूनबाईंच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. पण दिवस राहिले आणि स्वतःच्याच पोटात सुई खुपसायची वेळ आली, तेव्हा तिने सुई परत डब्यात ठेवली. काम नवऱ्याकडे आलं. तो घरातच सोफे शिवायचा, वीतभर सुया लीलया चालवायचा, म्हणून सगळे निर्धास्त होते. त्याने पोटाची चिमूट धरली, सुईचं टोपण काढलं आणि गिऱ्हाइकाच्या अर्धवट सोफ्यावर आडवा झाला.

सासूबाई पाणी घेऊन धावल्या. शुद्धीवर आल्यावर त्याने सोफ्यावरच खापर फोडलं. फार मऊ झालाय म्हणे, माणूस बसला की झोपतोच.

मग तिने त्याला नवशिक्यासारखंच हाताशी घेतलं.

"घाई नाही. श्वास घे. आता सरळ आत, आणि दट्ट्या हळूहळू दाब. मध्ये थांबायचं नाही."

औषध गेलं. सुई बाहेर आली आणि सवयीने तो गाठ मारायला दोरा शोधू लागला. ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

टोचल्या जागी निळे-जांभळे डाग उठत. रोज जागा बदला, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सासूबाईंनी ते मनावर घेतलं आणि मुलाच्या कापड आखायच्या खडूने उद्याच्या जागेवर फुली मारायला लागल्या. सोनोग्राफीवाल्या बाईंनी ती पाहून हे काय म्हणून विचारलं.

"माप घेतलंय," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या.

मागची बाळं ज्या महिन्यात गेली, तो महिना आला तेव्हा घरात कुणी मोठ्याने बोलेना. तपासणीच्या खोलीत बाळाचे ठोके घुमले तेव्हा कुठे तिघांच्या जिवात जीव आला. सासूबाई डॉक्टरीणबाईंना कडकडून मिठी मारून मोकळ्या झाल्या आणि आपणच आधीपासून इंजेक्शनाच्या बाजूने होतो, असं सांगू लागल्या.

बाळंतपण जवळ आल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा सुया थांबल्या. मुलगी झाली. अशी टाहो फोडून रडली की नर्स शेजारच्या खाटांना त्रास नको म्हणून दार लावायला निघाली.

"उघडंच राहू द्या," आई म्हणाली. "ऐकू दे सगळ्यांना."