चिमाची पाठ

चिमाला आधी वाटलं, उसण भरली.

काजूचे दिवस होते. झाडाखाली वाकून बोंडू गोळा करायचे, बिया पिळून वेगळ्या काढायच्या, टोपली डोक्यावर घेऊन घाटी चढायची. अशात पाठ धरली तर नवल कसलं? पण हे दुखणं जरा वेगळं होतं. डाव्या बरगडीखाली कुणी आतून निखारा ठेवलाय आणि मधूनच त्यावर फुंकर मारतंय, असं जळत होतं. हात पोचला तिथवर तिने खोबरेल चोळलं आणि पुन्हा कामाला लागली. बसून राहणं तिच्या अंगातच नव्हतं.

मग पाठीवर फोड आले. तेव्हा तिने ठरवून टाकलं की हा काजूचा चीक. लांज्याच्या बाजारात ओले काजूगर विकायला ती कच्च्या बिया कापायची. हाताला राख फासली तरी चीक कुठे ना कुठे उडायचाच, आणि उडाला की कातडी भाजल्यासारखी व्हायची. उडाला असेल चोळीत, जाईल आपोआप.

नवऱ्याला तिने काही सांगितलं नाही. सांगायची सवयच नव्हती.

रघूचं सगळं आयुष्य मुंबईत एका छापखान्यात गेलं. गाववाल्यांच्या खोलीत राहायचा. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, मे महिन्यात थोडे दिवस. तेवढ्यात लग्न, तेवढ्यात विनोदचा जन्म, तेवढ्यातच घराची कौलं काढून पत्रे घालणं. विनोद मोठा होऊन मुंबईलाच नोकरीला लागला आणि निवृत्त झालेला रघू गावी परत आला. म्हातारपणी नवराबायको पहिल्यांदा एका घरात राहायला लागली आणि दोघंही एकमेकांशी पाहुण्यासारखी वागायला लागली. सुरुवातीला तो चुलीपाशी यायचा. "चहा मी ठेवू?" असं विचारायचा. "ऱ्हावं दे, हात भाजंल," असं चिमा म्हणायची. मग त्याने विचारायचं सोडून दिलं. पडवीत बसून मोबाईलवर बातम्या ऐकायचा, वाढलं की जेवायचा.

त्या दिवशी सकाळी मागीलदारी आंघोळ करून चिमा चोळी घालत होती. ओल्या पाठीवर कापड टेकलं मात्र, तिच्या तोंडून अशी किंकाळी फुटली की रघू मोबाईल टाकून धावला.

"काय झाला? काय चावला?"

"काय नाय. चीक लागलाय काजूचा."

"बगू."

"काय बगायचंय त्यात!" तिने पदर ओढला. पण त्याने बघितलं होतं. पाठीच्या कण्यापासून डाव्या कुशीकडे लाल पट्टा आणि त्यावर पाण्याने भरलेल्या फोडांचे घोस.

"ह्यो चीक नव्हं गो," तो हळू आवाजात म्हणाला. "नागीण हाय ही. आमच्या खोलीत लवूला झाली होती. असाच पट्टा, एकाच अंगाला. त्याने अंगावर काढलंन, मंग वर्षभर बरगडी धरून चालायचा. पातळ नेस. लांज्याला जायचंय."

"आणि काजू?"

"काजू पडूं देत खाली."

चाळीस वर्षांत त्याने तिला असं हुकमी काही सांगितलं नव्हतं. ती मुकाट्याने पातळ नेसली.

लांज्याच्या डॉक्टरीणबाईंनी पाठ बघितली आणि मान डोलावली. "लवकर आणलंत ते छान केलंत. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, मावशी? तेच विषाणू शिरेत दडून बसलेले असतात. वय झालं, थकवा आला की डोकं वर काढतात." त्यांनी गोळ्या दिल्या. वेळ चुकवायची नाही, पूर्ण संपवायच्या. लावायला गुलाबी औषध दिलं. आणखी बजावलं की फोड फोडायचे नाहीत, खाजवायचं नाही, गेरू-बिरू काही फासायचं नाही. "आणि खपल्या धरेपर्यंत तान्ह्या मुलांना, गरोदर बायकांना जवळ घ्यायचं नाही हं. तुमच्यापासून त्यांना कांजिण्या होऊ शकतात."

हे शेवटचं चिमाला सगळ्यात लागलं. शेजारच्या दीपालीची सानवी अजून रांगायलाही लागली नव्हती. तिला रोज सकाळी पायांवर घेऊन तेल चोळायचं, न्हाऊ घालायचं, हे चिमाचं काम. संध्याकाळी कुंपणाच्या दगडी गडग्याच्या अलीकडे उभं राहून तिने दीपालीला ओरडून सगळं सांगितलं. दीपालीने पोरीला पलीकडूनच उंच धरून दाखवलं. पोर चिमाकडे बघून हातपाय नाचवत होती. चिमा घरात आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

आता औषध लावायचं कुणी? पाठीवर तिचा हात पोचत नव्हता. दीपालीला बोलवायची सोय राहिली नव्हती.

"मी लावतंय," रघू म्हणाला.

ती पाटावर पाठमोरी बसली, पुढून पदर घट्ट धरून. दिवसाच्या उजेडात तिची उघडी पाठ त्याने कधी बघितली नव्हती, आणि या वयात तिला त्याची लाज वाटावी याचंच तिला हसू येत होतं. पण हसायलाही भीती, हसलं की कळ यायची. तिने दात आवळले. हा छापखान्यातला हात, लोखंडाचं यंत्र फिरवणारा. आता खसाखसा चोळणार.

कापसाचा बोळा टेकला तेव्हा तिला कळलंसुद्धा नाही. एकेका फोडावर नुसता टिपल्यासारखा. मध्ये थांबून तो फुंकर घालत होता, औषध वाळू देत होता, मग पुढे सरकत होता.

"कुठं शिकलाव ह्ये?" तिने विचारलं.

"खोलीत. एवढी मानसं दाटीवाटीनं ऱ्हायची, कोण ना कोण आजारी असायचाच. आया-बायका गावाला. मंग करनार कोन?"

चोळीचा प्रश्न होताच. कुठलंही कापड टेकलं की अंगावर खाजकुयली टाकल्यासारखं व्हायचं. रघूने आपली मुंबईची पत्र्याची पेटी उघडली आणि धुऊन धुऊन मलमलीसारखा झालेला एक जुना सुती सदरा काढला. तो उलटा केला आणि तिच्यापुढे धरला.

"उलटा घाल. शिवण भायेर ऱ्हायल, टोचायची नाय."

"लोकं काय म्हनतील?"

"लोकांच्या पाठीला काय नाय झालेला."

तिने तो घातला. सैल, गार, अंगावर असून नसल्यासारखा. त्या दिवशी पहिल्यांदा तिने मोकळा श्वास घेतला.

पुढचे दिवस तिच्यासाठी नवेच होते. पहिल्यांदा दुखणं जास्त आणि खाज कमी. फोड सुकायला लागले तशी खाज वाढली. दुखणं एकवेळ सोसवतं, पण खाज माणसाला वेडं करते. दुपारी उकाडा चढला की तिची बोटं आपोआप पाठीकडे जायची. रघूने आधीच तिची नखं कापून टाकली होती. माठातल्या पाण्यात मऊ फडका बुडवून, घट्ट पिळून तो पट्ट्यावर ठेवायचा, कोमट झाला की पुन्हा गार करायचा. तेवढ्यानेही भागलं नाही तर फोडांपासून लांब, उजव्या अंगाला तळवा दाबून धरायचा. "हितं ध्यान दे. तिकडचा इसर," म्हणायचा. आणि ध्यान लागावं म्हणून खोलीतल्या गोष्टी सांगायचा. एकाने पहिल्या पगारातून गावच्या देवीला घंटा घेतली, ती गाडीत रात्रभर वाजत राहिली आणि डब्यातली सगळी माणसं त्याच्यावर कशी खेकसली. लवूने खोलीत कोंबडी पाळली आणि ती मालकाच्या अंथरुणात अंडं घालून आली. चिमा हसायची, कळ यायची, "गप ऱ्हावा वो," म्हणायची आणि थोड्या वेळाने स्वतःच विचारायची, "मंग? मालक काय बोल्ला?"

स्वयंपाकही तोच करत होता. पहिल्या दिवशी तिने पडल्या पडल्या कान चुलीकडे लावला होता. आता काहीतरी करपेल, आता भांडं पडेल. काहीच पडलं नाही. ताटात आली मऊ पेज आणि कुळथाचं पिठलं. एक गुठळी नाही, वरून लसणीची फोडणी बरोबर तांबूस. तिने घास घेतला आणि ती थांबली.

"काय? खारट झाला?"

"नाय. चांगला झालाय." मग दुसरा घास घेताना, "मना वाटायचं, तुमी खानावळीत जेवताव. वंगाळ जेवन असंल, पोट भरत नसंल. म्हनून दर गनपतीला कुळथाचं पीठ बांधून द्यायची."

"तेच तर ह्ये. तुज्याच पिठावर शिकलो. कुणी आजारी पडला की मी पिठलं करायचा. सगळी खोली म्हनायची, रघूच्या बायकोचं पीठ."

आपण दळलेलं पीठ इतक्या अनोळखी माणसांनी खाल्लं, हे तिला कधीच कळलं नव्हतं. ताटातलं सगळं पिठलं तिने बोटाने निपटून खाल्लं.

अशात एकदा वरच्या वाडीतला धोंडू आला. धोंडू नागीण उतरवायचा. काजळाने आणि गेरूने फोडांभोवती रेघ ओढायचा, मंत्र म्हणायचा. चिमाचा त्याच्यावर विश्वास होता. रघूने त्याला आदराने बसवलं, चहा दिला, म्हणाला, "मंत्र म्हना, धोंडूतात्या. पन काय फासायचं नाय, डॉक्टरीन बोललीय." धोंडू जरा नाराज झाला, पण मंत्र म्हणून, अंगारा दारातच ठेवून निघाला. जाताना म्हणाला, "ध्यान ठेवा हां. शेपूट आनि तोंड मिळालं की मानूस हातचा जातो."

त्या दिवसापासून चिमाला दुसरंच दुखणं लागलं. उठल्या उठल्या ती सदऱ्यात हात घालून चाचपायची. पुढे पोटाकडे किती आलं? मागे मणक्यापाशी किती? मागचं काही कळत नव्हतं, आणि जे कळत नाही त्याचीच भीती जास्त. जेवण जाईना. गोष्टींना हसेना.

"काय होतंय?" रघूने विचारलं.

तिने दोनदा "काय नाय" म्हटलं. तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं. "मागनं दुसऱ्या अंगाला गेली असंल. मिळत आली असंल. तुमी सांगत नाय मना."

रघू हसला नाही. आत गेला आणि भिंतीवरचा मोठा आरसा उतरवून आणला, दुसऱ्या हातात त्याचा दाढीचा छोटा आरसा. तिला अंगणात उजेडात पाठमोरी उभं केलं, मागे खुर्चीवर मोठा आरसा टेकवला, छोटा तिच्या हातात दिला. "सदरा वर घे. आता आरशातल्या आरशात बग."

आधी तिला आभाळ दिसलं, मग फणसाची फांदी. रघूने तिचा हात धरून आरसा कलता केला, आणि एक पाठ दिसली. चिमाला क्षणभर कळेना ही कुणाची. साठ वर्षांत तिने स्वतःची पाठ बघितलीच नव्हती. रुंद, सावळी, मध्ये मणक्याची खोल पन्हळ, दोन्ही बाजूंना ओझी उचलून तयार झालेले खांदे. डाव्या अंगाला वाळलेल्या फोडांचा पट्टा होता. मणक्यापाशी येऊन तो सुरीने कापल्यासारखा थांबला होता. पलीकडे एक फोड नाही.

"दिसला? ती शीर एकाच अंगाची आसते. पलीकडं जात नाय. लवूचीबी नाय गेली."

चिमा बराच वेळ बघत राहिली. भीती निघून गेली तरी आरसा खाली करेना.

"पाठ चांगली हाय की माजी," ती शेवटी म्हणाली.

"मी कधी वायट म्हनलो?"

"तुमी कधी काय म्हनलावच नाय."

मोठा आरसा उचलून रघू आत घेऊन गेला, आणि खुंटीला अडकवायला त्याला उगाचच फार वेळ लागला.

खपल्या धरल्या, काळ्या पडल्या, गळल्या. गोळ्या संपल्या. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोलावलं होतं म्हणून दोघं लांज्याला गेली. "छान सुकलंय," बाई म्हणाल्या. "थोडी ठणक राहील काही आठवडे, कदाचित जास्तही. झोपताना घ्यायला एक गोळी देते. फार वाढली तर या, अंगावर काढू नका. तान्ह्या मुलांना आता घ्या खुशाल." पाठीकडे बघत त्यांनी विचारलं, "एवढं नीट लावलं कुणी?"

"ह्यांनी," चिमा म्हणाली. भर दवाखान्यात, चार बायकांसमोर, मान वर करून.

बाहेर आल्यावर विनोदचा फोन आला. आईला काही दिवस मुंबईला आणू का, सून सगळं करील तिचं, असं तो विचारत होता. चिमाने फोन कानाला लावून ऐकून घेतलं. "नको रे बाबा. हितं माजी चांगली सोय हाय," म्हणाली आणि फोन रघूच्या हातात दिला.

बाजाराचा दिवस नव्हता, डोक्यावर टोपली नव्हती, विकायला काही नव्हतं. असं रिकाम्या हाताने लांज्यात उभं राहायची चिमाला सवय नव्हती. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलातून भज्यांचा वास येत होता. इतकी वर्षं ती या हॉटेलावरून गेली होती, आत कधी गेली नव्हती.

"खायाची?" रघूने विचारलं.

ती आत जाऊन बाकावर बसली. पाठ भिंतीला टेकली तेव्हा बरगडीखाली एक बारीक कळ आली आणि गेली. कांदाभजी आली, चहा आला. भजी गरम होती, मिरची झणझणीत. रघूने बशीत चहा ओतून तिच्याकडे सरकवला. बाहेर गाडी लागली. कंडक्टर त्यांच्याच गावाचं नाव घेऊन ओरडत होता. रघू उठायला लागला.

"जाऊं दे ती," चिमा म्हणाली. "मागनं दुसरी येतेय. आनखी एक प्लेट सांगा."