वळायचा ड्रम

शर्यत सातला सुटायची होती. साडेसात झाले, आठ वाजत आले, तरी नाशिक रोडच्या त्या शाळेच्या मैदानावर त्रेचाळीस माणसं अर्ध्या चड्डीत कुडकुडत उभी होती आणि प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नव्हता. जानेवारीची थंडी. अंग गरम करून करून माणूस किती वेळ करणार? मल्हारी पगारे सर दोनदा मैदानाला फेरी मारून आले आणि मग भिंतीच्या आडोशाला उभे राहिले. पाहुण्यांशिवाय शिट्टी वाजवायची हेडमास्तरांची हिंमत नव्हती. पाहुणे पुढारी होते आणि शाळेला नव्या वर्गखोल्या हव्या होत्या.

पगारे सर या शाळेत १९७१ साली पी.टी.चे शिक्षक म्हणून लागले, तेव्हा चोविशीत होते. रोज पहाटे देवळाली कॅम्पाकडे धावत जायचे, परत येऊन आंघोळ करून प्रार्थनेला हजर. मग लग्न झालं, दोन मुली झाल्या, धावणं रविवारपुरतं उरलं. पुढे रविवारसुद्धा दळण-किराण्यात जायला लागला. पोट सुटलं तेव्हा बायको यशोदा हसायची आणि सरही हसायचे. चौऱ्याऐंशी साली मात्र हसू पळालं. छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी सुईनं काढलं, पुढे नऊ महिने गोळ्या. जिना चढताना दोनदा टेकावं लागायचं.

बरे होऊन शाळेत आले तर मैदान गेलेलं. हेडमास्तरांनी हातात लायब्ररी दिली. "पगारे, तब्येत जपा आता. बसून काम करा." आणि मैदान दिलं गोरक्षला. गोरक्ष हेडमास्तरांचा सख्खा भाचा, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. पोरगा वाईट नव्हता, पण खुर्ची टाकून सावलीत बसायचा आणि तिथूनच शिट्टी वाजवायचा. लायब्ररीच्या खिडकीतून सरांना ते रोज दिसायचं. आपण आजारी पडलो हा काय गुन्हा झाला? बरे झालो तरी शिक्षा चालूच?

दर जूनला सर मैदान मागायचे आणि दर जूनला हेडमास्तर त्यांच्या छातीची चौकशी करायचे. शेवटी शाळेच्या पंचविशीनिमित्त शर्यत ठरली, तेव्हा भर स्टाफरूममध्ये हेडमास्तर म्हणाले, "असं करा, सोळा किलोमीटर धावून दाखवा. प्रमाणपत्र माझ्या टेबलावर ठेवा. जूनपासून मैदान तुमचं." दोघंतिघं हसले. पगारे सर हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ते रस्त्यावर होते. पहिल्या दिवशी विजेचे सहा खांब झाले आणि सातव्याला धरून खोकत उभे राहिले. महिन्याने रेल्वेचं फाटक आलं. चाळिशीतलं शरीर विशीतल्या शरीरासारखं ऐकत नाही, त्याची रोज मनधरणी करावी लागते. सरांनी केली. दहा महिने केली. बारा किलोमीटरपर्यंत पोचले. सोळा मात्र अजून झाले नव्हते. ते शर्यतीच्या दिवशीच करायचे, असं त्यांनी आणि यशोदेनं ठरवलं होतं.

शर्यतीचं अंतर मोजायचं किचकट काम कुणी घेईना, तेव्हा तेही लायब्ररीकडे आलं. सरांनी सायकलच्या चाकाला लाल चिंधी बांधली, चाकाचा एक फेरा टेपनं मोजला आणि शाळेच्या फाटकापासून सायकल हातात धरून चालत निघाले. शंभर फेरे झाले की एका खिशातला चिंचोका दुसऱ्या खिशात. आठ किलोमीटर भरले ते थेट कॅम्पाच्या बाजारात, एका शिंप्याच्या दुकानासमोर. तिथे त्यांनी रस्त्यावर चुन्याच्या फक्कीची रेघ मारली. इथे ड्रम ठेवायचा, ड्रमाला वळसा घालायचा, स्वयंसेवक मनगटाला फीत बांधणार, आणि परत. फीत नसेल त्याला प्रमाणपत्र नाही. हा नियमही सरांनीच लिहून दिला होता.

पाहुणे आठ वाजून दहा मिनिटांनी आले. शाल, नारळ, दोन शब्दांची वीस वाक्यं, आणि एकदाची शिट्टी वाजली.

पगारे सर सगळ्यांच्या मागे होते आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. श्वास ठरल्याप्रमाणे चालला होता. गोरक्षही धावत होता, तो केव्हाच पुढे दिसेनासा झाला होता. मग साडेपाच किलोमीटरच्या आसपास, एका रसवंतीपुढे, सरांना ड्रम दिसला. त्यांना वाटलं, दुसरा कुठला असेल. पण ड्रमाला चुन्यानं लिहिलेलं शाळेचं नाव त्यांच्याच अक्षरातलं होतं. माणसं त्याला वळसा घालून, फीत बांधून, रसाचा पेला घशाखाली ओतून परत फिरत होती.

"सर, इथूनच वळा!" फितींचा गठ्ठा घेतलेला शाळेचा शिपाई बहिरू ओरडला.

"अरे, ड्रम इथे कसा? मी बाजारात रेघ मारलीय!"

"हेडमास्तरांनी टेंपो पाठवून आणवला. पाहुण्यांना साडेनऊला दुसरा कार्यक्रम हाय, बक्षिसं त्यांच्याच हातनं द्यायचीत. या, बांधून घ्या."

गोरक्ष रसाचा पेला ठेवून परत निघाला होता. त्यानं सरांकडे पाहिलं आणि खाली मान घातली.

सर जागच्या जागी पावलं टाकत उभे राहिले. डोक्यात तिडीक गेली. उशीर पाहुण्यांनी करायचा आणि रस्ता धावणाऱ्यांचा कापायचा! हात पुढे केला की फीत, फितीवर प्रमाणपत्र, प्रमाणपत्रावर मैदान. कोण विचारणार होतं? पण दहा महिने पहाटे उठून त्यांनी एकच गोष्ट विचारली होती: ही दुरुस्त केलेली छाती सोळा किलोमीटर चालते का? त्याचं उत्तर रसवंतीपाशी नव्हतं, शिंप्याच्या दुकानासमोर होतं.

"सर, पुढं कुणीच नाय!" बहिरू ओरडला. सर ड्रम ओलांडून सरळ गेले होते.

बाजारात त्यांची रेघ तशीच होती. सायकली, भाजीची पोती, पलटणीतले दोन जवान पाव घेत होते. सरांनी रेघेवर पाय ठेवला आणि वळले. शिंप्यानं मशिनीवरून मान वर करून पाहिलं, एवढाच काय तो स्वागत समारंभ. परतीच्या वाटेवर अकराव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला, तेराव्याला बरगडीखाली जुनी जागा दुखायला लागली. ते धावता धावता शिव्या देत होते. शिक्षकानं द्यायच्या नाहीत अशा. रागानंच त्यांना शेवटचे तीन किलोमीटर ओढून आणलं म्हटलं तरी चालेल.

मैदानावर मांडव उतरत होता. माईकची वायर गुंडाळून झाली होती, पाहुणे गेले होते, मुलं बुंदीचे द्रोण चाटत होती. शेवटच्या रेघेवर मात्र लोखंडी खुर्ची मांडून यशोदा बसली होती, आणि मांडववाला तिच्यापुढे हात जोडून उभा होता.

"बाई, खुर्ची द्या हो. मोजून न्यायच्यात."

"माणूस अजून रस्त्यावर हाय," यशोदा म्हणाली. "शर्यत संपली कुणी सांगितलं तुम्हाला?"

सर रेघ ओलांडून आले तेव्हा ती उठली. एक तास बावन्न मिनिटं झाली होती. सरांना धड उभं राहता येईना, पण श्वास आत जात होता आणि बाहेर येत होता, बिनतक्रार. यशोदेनं पाणी दिलं. तिच्या डोळ्यात पाणी होतं आणि तोंडात हेडमास्तरांचा उद्धार. "एकेचाळीस लोकांना सोळा किलोमीटर म्हणून कागद वाटले हो! एकजण पाय मुरगळून बसला होता, त्याला नाय. आणि तुमचं नाव पुकारलंसुद्धा नाय."

सोमवारी हेडमास्तरांनी बोलावलं. टेबलावर पगारे सरांच्या नावाचं प्रमाणपत्र तयार होतं: 'सोळा किलोमीटर अंतर यशस्वीरीत्या पूर्ण केले.' शेजारी नोंदवही. गोरक्ष कपाटापाशी उभा होता.

"मी काही तुमचा वैरी नाही, पगारे," हेडमास्तर म्हणाले. "तुमचं नाव फितीच्या यादीत नाही, एवढीच अडचण आहे. इथे सही करा, ड्रमापाशी वळलो म्हणून. प्रमाणपत्र घ्या. जूनपासून मैदान घ्या. शब्द दिलाय मी."

"पण मी ड्रमापाशी वळलो नाही."

"अहो, ते आपल्याला माहीत आहे. वहीला काय माहीत?"

"म्हणजे अकरा धावले त्यांना सोळाचा कागद. आणि मी खरोखर सोळा धावलो, तर मला तोच कागद मिळायला अकराच धावलो म्हणून लिहून द्यायचं?"

"शब्दात पकडू नका. पाहुण्यांसमोर शाळेची शोभा राखली, बाकी काय केलं मी?"

सरांनी वही ओढून घेतली. हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरायला लागलं. सरांनी आपल्या नावासमोर नीट अक्षरात लिहिलं: 'ड्रमापाशी वळलो नाही. ड्रम चुकीच्या जागी होता. बाजारातल्या रेघेवरून परत आलो.' खाली सही, तारीख.

हेडमास्तरांनी वाचलं. प्रमाणपत्र उचललं, दोनदा दुमडलं आणि खणात टाकलं. मग जूनच्या वेळापत्रकाचा तक्ता पुढे घेतला.

"करायची ना सर साधी सही," गोरक्ष हळू आवाजात म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "काय फरक पडतो?"

"पाच किलोमीटरचा," पगारे सर म्हणाले.

हेडमास्तर मैदानाच्या रकान्यात गोरक्षचं नाव लिहीत होते, आणि पगारे सर ते लिहून होईपर्यंत समोर उभे राहिले.