मधलेकाकांचं ताट

दोन वस्त्यांमध्ये समेट घडवायचा मला पगार मिळतो, हे आमच्या ताईला अजून पटलेलं नाही. "घरातल्या दोन जावांचं जुळवता येत नाही कुणाला, आणि तू निघालास डोंगरात दोन धर्मांचं जुळवायला," असं ती फोनवर ऐकवते. मग हमखास विचारते, "जेवलास का? कुणाबरोबर?" मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि दुसऱ्याच्या वेळी फोनला रेंज नसते.

वरच्या वस्तीचा धर्म वेगळा, खालच्या वस्तीचा वेगळा आणि पाण्याचा झरा मात्र एकच. त्या झऱ्यावरून डोकी फुटली, तेव्हा शहरातल्या एका संस्थेने निधी दिला. त्यातून दोन्ही वस्त्यांच्या मधोमध सभागृह उभं राहिलं. त्याच्या माडीवर माझी खोली. दर आठवड्याला दोन्हीकडच्यांनी खाली समोरासमोर बसून बोलायचं आणि ते बोलतील हे मी बघायचं. लोक मला मधलेकाका म्हणू लागले. माझं आडनाव काही वेगळंच आहे, पण ते कुणी विचारलं नाही.

संस्थेचा एक नियम होता: कुणाच्याही घरी अन्नपाणी घ्यायचं नाही. नियम उगाच नव्हता. माझ्या आधीचा माणूस खालच्या एका घरी पोटभर जेवला, तर तो बदलून जाईपर्यंत वरच्यांनी सभागृहाचं तोंड पाहिलं नाही. म्हणून मी पहिल्या दिवसापासून कडक. सुरुवातीला लोक आग्रह करायचे. खालची सुईण तर वाटी झाकून घेऊन जिना चढून आली होती. मी हात जोडले. वरचा सुतार मला धरून घरी न्यायला निघाला, त्यालाही हात जोडले. मग लोक शिकले. संध्याकाळी मी कुणाच्या दारावरून जाताना आत ताटं वाढलेली असली, की घरातलं कुणीतरी उठून दार पुढे ओढून घ्यायचं. काकांना अवघडल्यासारखं नको व्हायला! इतकी समजूतदार माणसं. मला त्या दारांचा राग यायचा. एकटं वाटायचं, दुसरा शब्द नाही त्याला.

बैठकांचं म्हणाल, तर कित्येक महिने सगळे माझ्याशीच बोलत. "त्यांना सांगा, पाणी आधी आमचं," असं सुतार मला सांगायचा, आणि 'ते' त्याच्यासमोर मांडी घालून बसलेले असत. मी आपला इकडचं तिकडे पोचवायचो. मग एकदा सुताराची सून अडली. पावसाने रस्ता वाहून गेलेला. सुईण कुणाला न विचारता चढून वर गेली आणि बाळ-बाळंतीण सुखरूप ठेवून सकाळी खाली उतरली. त्यानंतरच्या बैठकीत सुतार पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलला. हळूहळू झऱ्याच्या पाळ्याही त्यांनी आपसांत ठरवून टाकल्या. मी तोंड उघडलं की सुतार म्हणायचा, "काका, तुम्ही बसा निवांत." मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण निवांत बसायचं म्हणजे नक्की कुठे, ते कळेना.

संस्थेने कळवलं, काम फत्ते झालं, आता निधी दुसऱ्या डोंगराकडे वळवतो आहोत, तुम्हीही तिकडे निघा. शांतता नांदली की शांततेचा पैसा बंद. चूक काहीच नाही त्यात.

मी निघायच्या आदल्या दिवशी दोन्ही वस्त्यांनी सभागृहात एकत्र जेवायचं ठरवलं. तांदूळ वरचा, लाकूडफाटा खालचा, चुलीपाशी दोन्हीकडच्या बायका. मी मनाशी वकिली करून टाकली. नियमात 'घर' म्हटलंय आणि हे काही कुणाचं घर नव्हे. भातही सगळ्यांचाच. फोनवर ताईला म्हणालो, "आज मी लोकांबरोबर जेवणार." ती म्हणाली, "पोटभर जेव रे."

दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बोलावणं येईल म्हणून खिडकीशी बसलो. सुतार वर आला, तो सतरंज्या मागायला. सुईण आली, तिला मोठं झाकण हवं होतं. भाताचा वास जिन्यावरून वर आला. मग मात्र मीच खाली गेलो. वरचे आणि खालचे असे काही मिसळून बसले होते, की कोण कुठला ते मलाही सांगता येईना.

"एक ताट माझंही वाढा की!" मी म्हणालो.

सगळे थबकले. आधी सुतार हसला. "ऐकलंत का? काका जाता जाता परीक्षा घेताहेत आपली!"

"आम्ही नाही हो तुमचा नियम मोडणार!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि मग हशा पिकला. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. वर आलो, स्टोव्ह पेटवला.

कांदा चिरत होतो, तेवढ्यात जिना वाजला. दारात सुईण उभी, हाताला भाताची शितं तशीच. तिला धाप लागली होती.

"काका, मघाशी खरंच म्हणालात का हो? खरं असेल तर सांगा. माझ्या शेजारी जागा करते."

एवढंच तर हवं होतं मला. याच्याचसाठी दाढी केली होती. मी सुरी खाली ठेवली, आणि माझे हात आपोआप जोडले गेले.

"नाही हो," मी म्हणालो, "गंमत केली."

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि हसली. जाताना तिने माझं दार हलकेच पुढे ओढून घेतलं.