अडॅप्टरची खंडेनवमी

मित्रांनो, मी लॅपटॉपचा एक जुना अडॅप्टर आहे. अंगानं काळा, चपटा, दोन्हीकडे वायरीची शेपटं. वय झालं तरी माझी एक खोड जात नाही. नुसतं पडून राहायची वेळ आली की माझा जीव कासावीस होतो. वीज घ्यावी, पुढे द्यावी, जरा गरम व्हावं, एवढंच मला येतं.

जन्म माझा चीनमध्ये, विक्री अमेरिकेत आणि नोकरी कुठं लागावी? कोल्हापूरच्या उद्यमनगरात! चन्नवीर अप्पांचा ओतकामाचा कारखाना होता. त्यांची लेक सौंदर्या तिथं लॅपटॉपवर साच्यांची ड्रॉइंग करायची. तो लॅपटॉप तिच्या अमेरिकेतल्या मामेभावानं, शिवकुमारनं दिलेला. इथल्या कमीजास्त विजेनं त्याचा पहिला अडॅप्टर जळाला. तसा दुसरा कोल्हापुरात मिळेना, म्हणून शिवकुमारनं मला तिकडून धाडलं. माझ्या पिना चपट्या आणि इथली भोकं गोल! मधे एक जोडपिन घातली तेव्हा कुठं मी कामाला लागलो.

ते दोन हजार सहा साल. भारनियमनाचे दिवस. लाईट गेली की मी थंड पडायचो आणि माझी घालमेल सुरू व्हायची, कारण लॅपटॉपची बॅटरी पार थकलेली होती. तिच्यावर पोरीचं काम घटकाभरसुद्धा धड चालत नसे.

अप्पांना मुळात हे काम पसंत नव्हतं. भट्टीच्या धुरात पोरीचं टेबल कशाला, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ते म्हणाले, "इचलकरंजीच्या गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग खंडेनवमीच्या सांजेपर्यंत दे. दिलंस तर टेबल तुझं. न्हाय तर घरात बस." सौंदर्या हो म्हणाली आणि जिद्दीला पेटली. मीही तिच्यासोबत तापत राहिलो.

खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी कारखान्यातली सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडतात. पुजलेलं हत्यार मग दसऱ्याची पूजा होईपर्यंत कुणी उचलत नाही. जुना कामगार आकाराम पहाटेच येऊन कामाला लागला. त्यानं पाने घेतले, हातोड्या घेतल्या, मोजपट्ट्या घेतल्या आणि टेबलावरून मलाही उचललं. सोड्याच्या पाण्याची बादली भरलेली होतीच. त्यानं मला तिच्यात बुडवलं की हो! वर काथ्यानं खसाखसा घासलं. मी ओरडणार कसा? नाकातोंडात पाणी गेलेलं!

गंगव्वांनी, म्हणजे सौंदर्याच्या आईनं, माझ्या अंगावर विभूतीचे पट्टे ओढले, फूल वाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझी पूजा झाली, आणि मला मात्र रडू येत होतं.

सौंदर्या लॅपटॉप घेऊन आली. मला पाटावर निथळताना पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"आकारामकाका, ह्याला पाण्यात घातलं?"

"व्हय की! बघा कसा लखलखीत केलाय," आकाराम कौतुकानं म्हणाला.

"अहो, आता हा लावला तर लॅपटॉपच जळंल!"

आकारामचं तोंड एवढंसं झालं. मला उन्हात ठेवलं. पण माझ्या पोटातलं पाणी असं लगेच थोडंच निघणार? दुपार कलली. लॅपटॉप मधेमधे बंद ठेवत बॅटरीवर ती जमेल तेवढं करत होती. ड्रॉइंग पुरं झालं, पण छापून देणारी दुकानं खंडेनवमीमुळं बंद, आणि पडद्यावर बॅटरीची लाल खूण लागलेली. सौंदर्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

अप्पा दारात उभे राहून बघत होते. मला वाटलं, आता म्हणणार, चल घरी. ते सरळ पाटाकडे गेले. पुजलेली पट्टी उचलली, पेन्सिल उचलली, काटकोन आखायचा गुण्या उचलला.

"अहो, पुजलंय ते!" गंगव्वा घाबरून म्हणाल्या. "उद्यापर्यंत हात लावायचा न्हाय!"

"पोरीचं काम अडलंय. देवाला मी सांगतो," अप्पा म्हणाले. त्यांनी टेबलावर कागद पसरला. "हं, माप सांग पोरी."

ती वाचत गेली, ते आखत गेले. शेवटचं माप राहिलं आणि पडदा विझला. ते तिनं तोंडपाठ सांगितलं. दिवेलागणीला गिऱ्हाईक आलं आणि कागद घेऊन खुशीत गेलं. टेबल तिथंच राहिलं. मी वाचलो आणि पुढे बरीच वर्षं राबलोही.

आता तो लॅपटॉप नाही. सौंदर्याचं टेबल मोठं झालंय, त्यावर नवं यंत्र आहे, आणि मी खणात आहे. दर खंडेनवमीला आकाराम मला बाहेर काढतो आणि कोरड्या फडक्यानं हळूच पुसतो. विभूती लागते, फूल मिळतं, आणि मी परत खणात जातो. फार तगमग होते हो!

मित्रांनो, आमच्यासारख्यांना पाण्यापासून जपा, वायर पिळू नका. आणि कुणाच्या जुन्या लॅपटॉपला माझी पिन बसत असेल तर खुशाल मागून न्या. मी पुजलेला असलो तरी उचला. त्या दिवशी अप्पांनी उचललंच होतं की!