खिडकीतून टाकलेली पिशवी

शिवकन्या परभणीच्या बसस्थानकावर उतरली तेव्हा तिच्या पोटात काही उरलं नव्हतं. सोनपेठहून निघाल्यापासून तिला दोनदा उलटी झाली होती. ओली दस्ती तिने नळाखाली पिळली, तोंडावरून फिरवली, पण वास गेला नाही, म्हणून कचऱ्याच्या डब्यात टाकून दिली.

हिला गाडी लागते, असं घरचे म्हणत. खरं म्हणजे तिला गाडीतली माणसं लागत. मागच्या बाकावर कुणीतरी मोबाइल मोठ्याने लावला होता, पुढे एक बाई दवाखान्यातल्या नवऱ्याची गोष्ट सांगत डोळे पुसत होती, शेजारचा म्हातारा तंबाखू मळत होता. बाकीच्या लोकांच्या अंगावरून हे सगळं वाहून जात होतं. शिवकन्येच्या आत ते साचत गेलं.

काही लेकरं अशीच जन्माला येतात. शाळेत दुसऱ्या पोराच्या हातावर छडी बसली की हिचा तळवा लाल व्हायचा. तीन शेतं पलीकडे मळणीयंत्र सुरू झालं की ही कानात बोटं घालून बसायची. शेजाऱ्यांचं वासरू मेलं तेव्हा दोन दिवस जेवली नाही. गावातल्या बाया तिला मेणाची बाहुली म्हणत. तिचे वडील रामकिशन हसत नसत. ते काळजीने म्हणत, "आमच्या मागं हिचं कसं व्हायचं?"

दरवर्षी दसरा झाला की रामकिशन आणि तिची आई धुरपदाबाई टोळीबरोबर ऊसतोडीला जात. यंदा शिवकन्या बारावी पास झाली होती. जिंतूरच्या कॉलेजात नावही लागलं होतं, पण राहायची सोय नव्हती. तिथल्या मुलींच्या वसतिगृहात एकच जागा रिकामी झाली होती आणि प्रतीक्षायादीत पहिलं नाव तिचं होतं. मूळ कागद घेऊन आज चारच्या आत हजर राहायचं, नाहीतर जागा पुढच्या नावाला. आणि जागा गेली तर काय, हेही ठरलेलं होतं. टोळीतल्या बजरंगशी लग्न. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो आणि काम कोयत्यावरच मिळतं, म्हणून टोळी निघायच्या आधी अशी लग्नं उरकतात. बजरंग वाईट नव्हता. पण उसाच्या फडात, ट्रकच्या आणि माणसांच्या गोंगाटात, पालात राहून आपल्याला वेड लागेल, हे शिवकन्येला पक्कं ठाऊक होतं.

"एकटी जाऊन ये," रामकिशन म्हणाले होते. घरातले सगळे सोयाबीन काढायला रानात होते, सोबत जायला कुणी नव्हतंच. "जिंतूरला एकटीनं जाता आलं तर तिथं राहता बी येईल. न्हाई आलं, तर मग आमी म्हणतो तसं कर, बाई."

सव्वाबाराला जिंतूरची गाडी फलाटाला लागायच्या आधीच लोक धावले. उघड्या खिडक्यांतून टोप्या, उपरणी, दस्त्या आत पडू लागल्या. ज्याची वस्तू बाकावर, त्याची जागा. आपल्याकडे या कायद्याला कुणी हात लावत नाही. उभं राहून जाणं आपल्याला झेपणार नाही, हे शिवकन्येला माहीत होतं. टाकायला दस्ती नव्हती. ओढणी काढायची लाज वाटली. हातात फक्त कापडी पिशवी होती. गाडीत आधीपासूनच बसून आलेली एक म्हातारी खिडकीतून बघत होती, तिच्या शेजारची जागा रिकामी होती. शिवकन्येने टाचा उंचावल्या आणि पिशवी आत ढकलली.

"जागा धरा आजी, आलेच."

मग ती दाराकडे गेली. दारात खताचं पोतं अडकलं होतं. पोत्यावरून दोन माणसं भांडत होती, तिसरा वरून शिव्या देत होता, एका बाईच्या काखेतलं लेकरू चिरडल्यासारखं किंचाळत होतं. कुणाचं तरी कोपर छातीत बसलं. घामाचा, डिझेलचा, पोत्याचा वास एकदम नाकात गेला, आणि कानात ती शिट्टी सुरू झाली जी नेहमी सुरू होत असे. एक श्वास घेऊ, एवढंच तिच्या मनात होतं. ती खांबाच्या आडोशाला गेली, कानांवर हात दाबले, डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा फलाट मोकळा होता. गाडी फाटकातून वळत होती.

ती धावली. हाक मारायला तोंड उघडलं तर घशातून आवाजच आला नाही. फाटकाजवळ ती थांबली आणि तिथंच, उन्हात, खाली बसली. दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, सगळं मूळचं, सगळं त्या पिशवीत. लोक जागेसाठी फाटकी टोपी टाकतात. आपण आपला सगळा जन्म टाकला.

तिने वडिलांना फोन लावला. पलीकडून मळणीयंत्राचा आवाज आला.

"बाबा, पिशवी गाडीत गेली. मी ऱ्हायले."

"कोणती पिशवी? कागदाची?"

"हं."

 मग रामकिशन फार मऊ आवाजात म्हणाले, "बरं. रडू नको. तितंच बस, कुठं जाऊ नको. रान उरकून मी येतो न्यायला. म्या तुझ्या मायला म्हणलंच व्हतं, पोरीला न्हाई व्हायचं हे."

रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.  इथे बसून राहायचं, बाबा येतील, घरी नेतील, कुणी एक शब्द बोलणार नाही. आणि दसऱ्यानंतर सगळे मिळून तिला तितक्याच मायेनं ट्रकमध्ये बसवतील. ती कितीतरी वेळ मातीत बोट फिरवत बसली होती. उठावंसं वाटत नव्हतं. शेवटी उठली ती धीर आला म्हणून नाही. तिथे बसून राहणं जास्त भयंकर वाटू लागलं, म्हणून.

चौकशीच्या खिडकीशी गर्दी होती. ती गर्दीच्या कडेला उभी राहिली. माणसं येत होती, विचारून जात होती, आणि ती कडेलाच. आतल्या वाहतूक नियंत्रकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. पिकल्या मिशांचे गृहस्थ, दत्तराव नावाचे.

"ए बाळ, कवाची उभी हायेस. काय झालं?"

तिने तोंड उघडलं आणि हुंदकाच आला.

"रडत रडत सांगितलं तरी चालतंय," दत्तराव म्हणाले. "पण सांग. मला मनातलं ऐकू येत न्हाई."

तिने सांगितलं. मागचा एक माणूस खेकसला, "आवरा की बाई, आमाला बी गाड्या हायेत." दत्तरावांनी त्याला हातानेच थांबवलं.

"जिंतूरकडं दोन गाड्या सुटल्या, पाच मिनिटांच्या अंतरानं. एक तिथंच थांबणारी, एक तिथून फुडं जालन्याला जाणारी. पिशवी कोणत्या गाडीत? नंबर बघितला का?"

"न्हाई बघितला."

"मग कसं सांगावं, पोरी? दोन्ही कंडक्टर फोन उचलतील तवा खरं."

शिवकन्येने डोळे मिटले. साचलेलं सगळं अजून आतच होतं, दुसरं कुठे जाणार? "मागून दुसऱ्या खिडकीला काच नव्हती, पत्रा ठोकला होता," ती म्हणाली. "तो वाजत होता. थांबताना मागचं चाक किंचाळलं. कंडक्टरला खोकला होता, कोरडा. त्यांच्या बॅगचा पट्टा सुतळीनं बांधलेला होता."

दत्तरावांनी फोन ओढून घेतला. "पत्र्याची खिडकी म्हणजे जालन्याची. आन् सुतळी म्हणजे आमचा गोपाळ. तू गाडी बघितली का गाडीचा फोटू काढला?" ते फोन लावू लागले. लागेना. पुन्हा लावला. लागेना. "ती जिंतूरला दहा मिनिटं थांबती आन् निघती. मी लावत ऱ्हातो. तू मागच्या गाडीनं नीघ. आन् या टायमाला दारातच थांबू नको."

दीडची गाडी आली. तीच धाव, तोच दरवाजा, तेच वास. शिट्टी पुन्हा सुरू झाली. ती थांबेल म्हणून शिवकन्या वाट पाहत बसली नाही. शिट्टीसकट ती गर्दीत शिरली.

"मला जाऊ द्या!"

आवाज फाटका निघाला, पण निघाला. एक जाडजूड बाई वळून म्हणाली, "आगं, इमान सुटायलंय का तुजं?"

"हो मावशी, विमानच सुटायलंय."

बाई हसली आणि तिने अंग जरासं चोरलं. तेवढ्या फटीतून ती वर गेली.

बसायला मिळालं नाही. झरीपर्यंत ती एका पायावर उभी होती. प्रत्येक माणसाचा श्वास मानेवर येत होता. बोरीच्या अलीकडे सोयाबीनची ट्रॉली आडवी झाली होती, तिथे वीस मिनिटं गेली. लोक चिडले, ड्रायव्हर चिडला, आणि सगळ्यांची चीड तिच्या पोटात उतरली. तिने दांडा इतका घट्ट धरला की बोटं पांढरी झाली. काही बरं वाटत नव्हतं. सवय होत नव्हती. फक्त गाडी पुढे जात होती आणि ती गाडीत होती, एवढंच.

जिंतूरला तीन वाजून गेले होते. जालन्याची गाडी फलाटावर नव्हती. गेल्याला तास झाला, असं पानवाल्याने सांगितलं. चौकशीच्या खिडकीत विचारलं तर, पिशवी कुणी जमा केली नाही म्हणाले. शिवकन्या खांबाला टेकली. आता पुढे काय, हे मनात यायलाही जागा उरली नव्हती.

"ए पोरी! गुलाबी ओढणीवाले! हिकडं ये."

सिमेंटच्या बाकड्यावर ती म्हातारी बसली होती. हनुवटीवर गोंदण, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

शिवकन्या धावत गेली आणि तिच्या पायाशीच बसली. हात पुढे केला तर म्हातारीने पिशवी मागे ओढली.

"आधी नाव सांग. आत काय हाय ते सांग."

तिने सांगितलं. म्हातारीला वाचता येत नव्हतं, पण गुणपत्रकावरचा फोटो तिने दोनदा चेहऱ्याशी ताडून पाहिला आणि मग पिशवी दिली.

"लय भांडले म्या तुज्या जागंसाठी. कंडक्टर म्हणला, कस्तुराबाई, ती पोरगी तर चढलीच न्हाई. म्या म्हणलं, पिशवी चढली ना? मग पोरगी बी येतीच. झरीपस्तोर कुणाला टेकू दिलं न्हाई. फुडं एक पोटुशी बाई आली, मग तिला बशिवलं. इथं उतरताना त्याला फोन आला, पोरगी मागल्या गाडीनं यायलीय म्हणून. हापिसात द्यायला लागला, म्या म्हणलं, न्हाई, जिनं हातात दिली तिच्याच हातात देईन."

"तुमची गाडी?"

"येलदरीची? ती गेली दोन वाजता. आता पाचला हाय." तिने शिवकन्येच्या डोक्यावर हात ठेवला. "आता माज्यापाशी रडत बसू नको. कुठं जायचं ते जा."

वसतिगृहात ती पोचली तेव्हा चाराला दहा मिनिटं होती. अधीक्षक कमलबाईंच्या टेबलासमोर एक मुलगी आणि तिची आई उभ्या होत्या. मुलीचे कागद टेबलावर मांडलेले होते आणि कमलबाईंनी पेनाचं टोपण काढलेलं होतं.

"मी शिवकन्या रामकिशन," ती धापा टाकत म्हणाली. "यादीत पहिली."

कमलबाईंनी घड्याळ पाहिलं, यादी पाहिली आणि पेन खाली ठेवलं. "निकिता, मी सांगितलं होतं बाळा, चारपर्यंत हिची वाट पाहावी लागेल. ही वेळेत आलीय. पुढं जागा झाली तर पहिलं नाव तुझं."

 निकिताची मान खाली गेली आणि खालचा ओठ दाताखाली गेला. तो ओठ शिवकन्येला स्वतःच्या तोंडात जाणवला. आई मात्र पुढे आली. तिच्या तळव्यांवर कोयत्याचे घट्टे होते, अगदी धुरपदाबाईच्या हातांसारखे.

"बाई, तुजं शिक्षान कुटंबी हुईल. माज्या पोरीचं लगीन ठरवायलेत. फुडल्या साली तू ये ना, तुला काय हुतंय?"

आतापर्यंत कुणी असं मागितलं की शिवकन्येने दिलंच होतं. बाकावरची जागा, डब्यातली भाजी, पुढचा नंबर. दुसऱ्याचं दुःख बघवत नाही म्हणून ती देऊन टाकायची, आणि लोक म्हणायचे, किती गुणाची पोर. आताही शब्द जिभेवर आला होता. घ्या. एकदा म्हटलं की ही पोटातली कळ थांबली असती.

"न्हाई मावशी," ती म्हणाली. "मला बी ठरवायलेत."

 त्या बाईने शिव्या दिल्या नाहीत. लेकीचे कागद एकेक करून गोळा केले, नीट घडी घातली आणि दोघी गेल्या. जिन्यावरून निकिताचं रडणं वर येत होतं. कमलबाई लिहीत होत्या, गुणपत्रक मागत होत्या, इथे सही कर म्हणत होत्या, आणि शिवकन्या ते रडणं शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत सही करत होती.  सही वाकडी आली.

बाहेर ओट्यावर येऊन तिने फोन लावला.

"बाबा, परभणीला येऊ नका."

"का? कुठं हायेस तू?"

"जिंतूरला. जागा मिळाली."

पलीकडलं यंत्र बंद झालं.  मग रामकिशन म्हणाले, "मग आवाज का असा तुजा? रडायलीस का?"

"हो."

"कुणी काय म्हणलं का? येऊ का मी? आता निघतो, रातच्याला पोचतो."

"कुणी काय म्हणलं न्हाई. नका येऊ बाबा." तिने नाक ओढणीला पुसलं. "रडायले मी. थांबंल वाटत न्हाई लवकर. पण नका येऊ."

रामकिशन फोन ठेवेनात. तीही ठेवेना. शेवटी त्यांनी विचारलं, "जेवलीस का काई?"

"न्हाई अजून."

"तितं कुणाला तरी माग की मग."

"मागते," शिवकन्या म्हणाली.