अमलचा फोटो

फोटो रेणूनंच निवडला होता, त्यातल्या हसऱ्या पोरीसाठी. अमल तिचं नाव. हातात खडू घेऊन ती फळ्यापाशी उभी होती आणि मागं छावणीची पाण्याची टाकी दिसत होती.

ही छावणी सुदानमधली. युद्धातून जीव वाचवून आलेल्या लेकरांसाठी तिथं ताडपत्रीखाली शाळा भरायची. ती इसाम चालवायचा. तो संभाजीनगरला फार्मसी शिकायला होता, रेणू, यशश्री आणि अवधूतच्याच वर्गात. शिकून मायदेशी गेला आणि थोड्याच दिवसांत तिथं लढाई पेटली. तेव्हापासून जालन्याच्या या तिघांनी दोस्तांचं एक मंडळ काढून शाळेला हात दिला होता. वह्या, खडू आणि दोन शिक्षिकांचा पगार इथून जायचा.

"आपल्या लेकरांचं दुःख काय कमी हाय का?" रेणूचे वडील आबाराव एकदा म्हणाले होते. त्यांची सारी हयात मेंढरांमागं गेलेली.

"कमी न्हाई, आबा. पण आपल्या शाळंवर बाँब तर पडून न्हाई राह्यले," रेणू म्हणाली.

अमलचा फोटो मंडळाच्या फेसबुक पानावर गेला आणि मदत वाढली. मग एका दुपारी, रेणू नवीन जालन्यातल्या बियाणे कंपनीच्या ऑफिसात कामावर असताना, इसामचा फोन आला. तो मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायचा.

"वो फोटो निकाल दो, रेणू."

टाकीवर इंग्रजीत छावणीचं नाव होतं. अमलचे वडील ज्यांच्यापासून लपून राहिले होते, ती माणसं फोटो घेऊन त्यांचा पत्ता विचारत आली. उजाडायच्या आत ते कुटुंब निघून गेलं. कुठं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तुम को मालूम नहीं था," इसाम म्हणाला. "भेजा तो मैंने था."

रेणूला 'हो' म्हणता आलं नाही. नाव तिला वाचता येत होतं. तिनं ते पाहिलंही होतं. तिनं जागेवर बसूनच लेकरांचे एकूण एक फोटो पानावरून काढून टाकले.

"सगळे काढलेस?" अवधूत हबकला. "अगं, राधेश्यामशेठना उद्या भेटायचंय आपल्याला!"

राधेश्यामशेठ जुन्या जालन्यातले धान्याचे व्यापारी. शिक्षिकांचा वर्षाचा पगार द्यायला ते तयार होते. फक्त त्यांच्या आईच्या नावाचं बॅनर धरलेल्या लेकरांचा फोटो त्यांना हवा होता.

दुसऱ्या दिवशी शेठनी गादीवर बसवून तिघांना चहा पाजला.

"फोटो न्हाई, गावाचं नाव न्हाई. मंग मी भरोसा कशावर ठेवू, बाई?"

अमलचं सांगायचं नाही, असं वाटेत ठरलं होतं. रेणूनं सगळं सांगितलं. यशश्री खाली मान घालून बसली.

"सापडली का मंग ती पोरगी?" शेठनी हळू विचारलं.

"न्हाई."

शेठनी चहाची कपबशी बाजूला सारली. "तुम्ही खरं बोललात. पण दुकानात माझे भाऊबी बराबरीचे भागीदार हायेत. काहीच न दाखवता खर्चा केला तर घरात जाब द्यावा लागतो. न्हाई जमणार मला."

बाहेर आल्यावर अवधूतचा तोल सुटला. "थोडं गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"फोटो द्यावाच लागला असता, आणि अजून एखादं लेकरू गेलं असतं," रेणू म्हणाली. अवधूतनं गाडीची किल्ली काढली, पण गाडी काही सुरू केली नाही.

त्या महिन्यात आणखी काही जणांनी हात आखडला. एकाच शिक्षिकेचा पगार निघाला. रेणूनं इसामला फोन करून ते सांगितलं. दुसरी शिक्षिका पगाराशिवाय येते म्हणाली, असं त्यानं सांगितलं. शाळाही त्यांनी हलवली होती.

"अमल?" तिनं विचारलं.

"नहीं. अभी तक नहीं."

नवी जागा कुठं, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. त्याच्या मागं लेकरं एका सुरात काहीतरी म्हणत होती. तिला त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण इसामनं फोन ठेवेपर्यंत ती ऐकत राहिली.